आमच्या घराण्यात तसलं काही नाही

आमच्या घरात माणसं आजारानं जात नाहीत, सांगण्यासारख्या आजारानं जातात. खरा आजार काय तो शरीर ठरवतं. लोकांना सांगायचा आजार घरातली वडीलधारी मंडळी बसून ठरवतात. तो फार हलका असून चालत नाही, नाहीतर माणूस एवढ्याशा कारणानं गेला कसा, असं लोक विचारतात. फार भारीही चालत नाही, नाहीतर घरातल्या मुलींना स्थळं येत नाहीत. आहेराची साडी निवडावी तसा तो निवडावा लागतो.

माझी आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, वातानं गेली असं मी पन्नाशी उलटेपर्यंत समजत होते. ती गेली तेव्हा मी शाळेत होते. सासरच्यांनी तिला एका ट्रंकेसकट नारायण पेठेत आमच्याकडे आणून सोडलं, आणि ‘जरा बरं वाटलं की न्यायला येतो’ म्हणून जे गेले ते एकदम तेराव्याला जेवायला उगवले. आत्या आतल्या खोलीत असायची, ऐन वैशाखात छातीवरून शाल गुंडाळून. आम्हा मुलींना आत जायची बंदी. खोलीच्या दाराशी महानारायण तेलाची बाटली बूच काढून ठेवलेली असे. ते तेल आत्याला कुणी कधी चोळलं नाही. ते जिन्यात वास जावा म्हणून होतं. वाताच्या तेलाचा वास आला की शेजाऱ्यांना वात पटतो. हे डोकं माझ्या मोठ्या आईचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोचं. या बाईनं एवढी अक्कल दुसऱ्या कशात घातली असती तर पेठेतून नगरसेवक म्हणून निवडून आली असती.

कारण उघड होतं. घरात मुली होत्या: मोठ्या आईची एक, आणि माझी ताई नि मी. पुढे तिघींची लग्नं झाली, त्यामुळे मोठ्या आईची पद्धत बरोबर ठरली. ती अजूनही तृप्त चेहऱ्यानं म्हणते, “झाकली मूठ सव्वा लाखाची.” मुठीत काय होतं ते मात्र आम्हाला तिनं कधी सांगितलं नाही.

माझं शनिवार पेठेत मेडिकलचं दुकान आहे. नवऱ्याचं होतं, तो गेल्यावर मी चालवते. फार्मसीची पदवी माझीही आहे. काउंटरच्या आतून पेठ फार स्वच्छ दिसते. लोकांना वाटतं, आपलं गुपित आपल्या घरात आहे. ते माझ्या फडताळात असतं, तिसऱ्या कप्प्यात. गेली काही वर्षं सांगण्यासारख्या आजारांमध्ये थायरॉइडची चलती आहे. केस गेले, थायरॉइड. चेहरा सुजला, थायरॉइड. बाई चार महिने गॅलरीत दिसली नाही, थायरॉइड. वाताला आता कुणी विचारत नाही, तो म्हाताऱ्यांचा झाला. थायरॉइड कसा सुशिक्षित वाटतो, शिवाय त्यानं कुणी मरत नाही, त्यामुळे भेटायला येणारे दहा मिनिटांत उठतात. एक निवृत्त गृहस्थ बायकोच्या स्तनाच्या कॅन्सरच्या गोळ्या न्यायला येतात. नेहमी दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर उभे राहतात आणि मग आत येऊन कुजबुजतात, “अहो, जरा व्हिटॅमिनच्या खोक्यात घालून द्या ना.” मी देत नाही. औषधाची खोकी बदलणं हा गुन्हा आहे, हे त्यांना मी दर खेपेला सांगते. ते दर खेपेला “हो, हो, बरोबर” म्हणतात आणि पुढच्या महिन्यात तेच विचारतात. इंजिनीअर आहेत म्हणे.

तर ताई. आमचं जुनं घर पाडून त्या जागी इमारत उभी राहिली, तेव्हा वाटणीत ताई आणि मोठी आई यांना एकाच मजल्यावरचे समोरासमोरचे फ्लॅट आले. त्यामुळे ताईच्या घरात काय शिजतं, हे मोठ्या आईला कुकरच्या आधी कळतं. ताईच्या घरी नवरा आणि एक मुलगी. माझे भाऊजी म्हणजे निरुपद्रवी गृहस्थ; ज्या खोलीत शेवटचं मत ऐकतील ते त्यांचं मत. माझी भाची हिंजवडीला आयटीत आहे.

काही वर्षांपूर्वी महिला मंडळानं तपासणीचं शिबिर भरवलं होतं. ताई गेली, कारण नंतर इडली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, घराण्यात कुणाला कॅन्सर होता का? ताईनं सांगितलं, “आमच्या घराण्यात तसलं काही नाही.” हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मोठी आई ते पाहुण्यांसमोर म्हणायची, आई तिची री ओढायची. ज्यांनी ते खोटं रचलं त्यांना ते खोटं आहे हे ठाऊक होतं. ताईला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं ते अगदी निष्पाप मनानं एका डॉक्टरला सांगितलं. बाई म्हणाल्या, तरीही दर वर्षी येत जा. ताईनं त्यातलं ‘तरीही’ घरी आणलं नाही. मी तिला मॅमोग्राफी कर म्हणून दुकानातून निदान दहादा फोन केला असेल. “मला कशाला गं? तुझं दुकान आहे म्हणून तुला जिकडेतिकडे रोग दिसतात.” हे वर.

मग एकदा आंघोळ करताना गाठ लागली. ती कुणाला बोलली नाही, कारण गणपती तोंडावर आले होते. गौरी-गणपती झाले, पितृपक्षात नवीन काही सुरू करायचं नाही म्हणून तपासणीही नाही, मग नवरात्र. आमच्याकडे देवाधर्माला वेळ काढतात, त्यातून देहाला उरला तर उरतो. दसऱ्यानंतर तिनं मला सांगितलं, आणि तोवर काखेतही गाठ आली होती.

रिपोर्ट घेऊन आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ताई, भाऊजी, मी, आणि ‘घरातलं मोठं माणूस नको का बरोबर’ म्हणून मोठी आई. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. घराण्यात कुणाला? ताईनं तोंड उघडायच्या आत मोठी आई म्हणाली, “छे हो. आमच्या घराण्यात तसलं काही नाही.” इतकी ठाम, की डॉक्टरांनी पुढे विचारलंच नाही.

परतताना मी आणि मोठी आई एका रिक्षात होतो, ताई आणि भाऊजी दुसऱ्या. लकडी पुलापाशी सिग्नलला रिक्षा थांबली. मोठी आई बाहेर बघत, सहज, भाजी महाग झाली म्हणावं तशी म्हणाली, “वन्संचंही असंच सुरू झालं होतं हो. काखेतच आधी दुखायचं त्यांच्या.”

मी म्हटलं, “कुठल्या वन्सं?”

“कुठल्या म्हणजे? तुझी आत्या.”

“आत्या वातानं गेली ना?”

“वात सांगितला होता आम्ही.”

मी विचारलं, “अगं, आत्ता तासाभरापूर्वी डॉक्टरांनी तुला विचारलं, तेव्हा का नाही बोललीस?”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काही पाचपोच सोडलाय. “तो परका माणूस. त्याला घरचं कशाला सांगायचं?” आणि वर, समजूत काढल्यासारखं, “शिवाय बापाकडून नाही येत ते.” येतं, बापाकडूनही येतं.

मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख पाहिले आहेत, काउंटरच्या दोन्ही बाजूंना. पण जीव वाचवायला ज्याच्याकडे गेलो त्यालाच परका म्हणणारी ही एकच. ज्याच्यापासून लपवायचं तो पाहुणा आणि ज्याला सांगायचं तो डॉक्टर, यातला फरक तिला चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कळला नव्हता. दोघंही तिच्या लेखी कोचावर बसून चौकशा करणारे लोक. मी रिक्षातूनच डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला आणि आत्याचं सगळं सांगितलं. मोठी आई पदर तोंडाला लावून रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत होती, कारण आता त्यालाही कळलं होतं.

एक गोष्ट तिच्या बाजूनंही लिहायला हवी, नाहीतर मीही तिच्यासारखीच सोयीपुरतं सांगणारी ठरेन. आत्याची जखम वाहायला लागली होती, आणि बाई ठेवली तर बाहेर कळेल म्हणून सगळे कपडे मोठी आई स्वतः धूत असे, आत्याला उचलून स्वतः पुसून काढत असे. शेवटचे दिवस आत्या तिच्याच मांडीवर होती. हे मला तिनंच पुढे सांगितलं. तिनं आत्याचं खूप केलं. आणि त्याच हातांनी तिनं ताईचं नुकसान केलं. मला दोन्हींचा राग येतो.

बैल गेला आणि झोपा केला, तसे मग आम्ही धावलो. ऑपरेशन, केमो, रेडिएशन. आणि या सगळ्यावर पांघरूण म्हणून, अर्थातच, थायरॉइड. मोठ्या आईनं त्याच दिवशी संध्याकाळी ठरवून टाकलं: “पोरीचं लग्न व्हायचंय. बाहेर थायरॉइड सांगायचं.” भाऊजींनी मान डोलावली. ऑफिसात मात्र त्यांनी रजेसाठी बायकोची स्लिप डिस्क सांगितली होती, आणि मग कुणाला थायरॉइड सांगितलाय नि कुणाला स्लिप डिस्क याचा त्यांचाच गोंधळ व्हायला लागला. एकदा एका सहकाऱ्यानं रस्त्यात विचारलं, वहिनींची पाठ कशी आहे? हे म्हणाले, “केस येतायत आता.”

हसू येतं, पण त्या घरात त्या दिवसांत जे चाललं होतं ते हसण्यासारखं नव्हतं. आमच्या पेठेतल्या लोकांच्या नावानं कितीही बोटं मोडा, आजारपण कळलं की डबे येतात. समोरची वरण-भात पाठवते, वरची मुलाला क्लासला सोडते, कुणीतरी रात्रीपुरतं येऊन बसतं. ताईकडे एक डबा आला नाही, कारण थायरॉइडला कुणी डबा पाठवत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी फार आपुलकीनं धण्याचं पाणी करून पाठवलं, थायरॉइडला उत्तम म्हणून. ताई बेसिनवर वाकून ओकत होती आणि ओट्यावर धण्याच्या पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला होता. भाची आईच्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसायची, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून एका हातानं तिची पाठ चोळायची. ऑफिसातल्या टीम लीडनं विचारलं तर म्हणायची, नेटवर्क इश्यू. पंचविशी ओलांडलेली मुलगी, स्वयंपाक, दवाखाना, नोकरी, आणि प्रत्येक माणसाला कुठलं खोटं सांगितलंय ते लक्षात ठेवणं. सगळ्यात ती या शेवटच्यानंच दमली.

एकदा ताई मला म्हणाली, “मला कुणापाशी तरी नीट रडायचंय गं. थायरॉइडसाठी किती रडणार?”

मी तिला दुकानात घेऊन आले, शटर अर्धं ओढलं आणि म्हटलं, रड. ती औषधांच्या खोक्यांवर बसून रडली. बाहेर एक गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत उभं होतं. त्याला मी हाकलून दिलं.

ताई त्यातून उठली. एक बाजू गेली, उजवा हात सुजलेला राहिला, केस आले ते विरळ आले. डॉक्टर म्हणतात, नजर ठेवायची. अजूनही तिच्या प्रत्येक तपासणीआधी घरातल्या घरात सगळे एकमेकांवर खेकसतात. थोडं आधी सापडलं असतं तर यातलं बरंच टळलं असतं, असं डॉक्टरांनीच मला सांगितलं, मी विचारलं म्हणून. मग त्यांनी भाचीला समोर बसवलं आणि म्हणाले, “आईची आत्या, मग आई. तुम्ही चाळिशीची वाट बघायची नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंना भेटा, रक्ताची एक तपासणी आहे ती करायची का ते त्या सांगतील, आणि स्वतःला तपासायचं कसं तेही.” माझंही त्यांनीच सुरू करून दिलं. मी दर वर्षी जाते आणि जाताना दुकानावर पाटी लावते: तपासणीला गेले आहे, दुपारनंतर उघडेल. कसली तपासणी ते विचारणाऱ्याला मी मोठ्यानं सांगते. काही जण तेव्हापासून खालच्या गल्लीतल्या दुकानात जातात. जावोत.

भाचीनं बाईंची वेळ घेतली, आणि त्याच सुमारास कात्रजकडचं एक स्थळ आलं. मुलगाही आयटीतलाच. दोघं आधी दोन-तीनदा कॉफीला भेटले, बरे वाटले, मग मोठ्यांची बैठक ठरली. ही बातमी येताच मोठी आई काठी टेकत समोरच्या फ्लॅटमधून आली. “ती तपासणी आत्ता नको. त्या दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं म्हणजे? लग्न झालं की कर म्हणावं काय ती. तेव्हा ती त्यांच्या घरची.”

हे वाक्य मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिनं म्हटलं, जरासुद्धा न अडखळता. म्हणजे पोरगी मरायचीच असेल तर आमच्या नावावर नको, त्यांच्या नावावर. आत्याला सासरच्यांनी आमच्याकडे आणून टाकलं, ते आता आम्ही परत करणार होतो.

भाऊजी म्हणाले, “दोन-तीन महिन्यांनी काय बिघडतं?” मी त्यांना ताईचा हात दाखवला. ते पेपरात शिरले. ताई काही बोलली नाही. तिला लेकीचं लग्नही हवं होतं आणि लेकही हवी होती, आणि या घरात दोन्ही एकदम मागायची सोय नव्हती. भाचीही गप्प होती, म्हणून मला भीती वाटली. आमच्या घरातल्या बायका अशाच गप्प राहतात आणि मग दसऱ्यानंतर सांगतात.

बैठकीला ताईला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायला लावला, चैत्रातल्या उन्हात, हात दिसू नये म्हणून. मुलगा, त्याचे वडील आणि आई आले. वडील बोलके. पाच मिनिटांत त्यांनी आम्हाला स्वतःचं पदनाम, निवृत्तीच्या वेळचं भाषण आणि गुडघ्यांचं ऑपरेशन न करता आपण कसे चालतो, हे सगळं सांगून टाकलं. आई अजिबात बोलत नव्हत्या. डावा हात शरीराला चिकटवून बसल्या होत्या आणि उजव्या हातानं चिवड्यातले शेंगदाणे वेचत होत्या. मुलगा दिसायला बरा होता, यापलीकडे त्याच्याबद्दल मला अजूनही काही सांगता येत नाही.

गोत्र झालं, पगार झाला. मग वडिलांनी घसा खाकरला. “एक विचारायचं, म्हणजे रीत म्हणून. घराण्यात काही मोठं आजारपण वगैरे?”

मोठी आई तयारच होती. “छे हो. आमच्या घराण्यात तसलं काही नाही. हिच्या आईला थोडं थायरॉइड आहे, तेवढंच.”

भाचीनं हातातली डिश टीपॉयवर ठेवली. “आजी, पुरे,” ती म्हणाली, आणि मग त्यांच्याकडे वळून, “काका, आईला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. तिच्या आत्यालाही होता, ती त्यातच गेली. मला होईलच असं नाही, पण रिस्क आहे. पुढच्या सोमवारी माझी अपॉइंटमेंट आहे. आणि हे मी याला सेकंड मीटिंगमध्येच सांगितलंय.”

सगळे मुलाकडे बघायला लागले. तो लाडवाकडे बघायला लागला. वडिलांनी विचारलं, “तुला माहीत होतं?” त्यावर तो म्हणाला, “म्हणजे... इतकं डिटेलमध्ये नाही.”

माझ्या भाचीनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उठून स्वयंपाकघरात गेले, नाहीतर मी तिथेच मुलाला काहीतरी बोलले असते. मागोमाग त्याची आई रिकामी कपबशी घेऊन आली. कपबशी ओट्यावर ठेवली, नळाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि विचारलं, “तुमचं दुकान शनिवार पेठेत नेमकं कुठेसं?” मी सांगितलं. मला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात बिचाऱ्या.

दोन दिवसांनी भाऊजींच्या मोबाइलवर निरोप आला: पत्रिका पुन्हा पाहिली असता मंगळ आढळला, क्षमस्व. आदल्या आठवड्यात याच पत्रिकेत त्यांच्याच गुरुजींना छत्तीस गुणांतले अठ्ठावीस सापडले होते. मंगळ रविवारच्या चहानंतर आला असावा. भाची म्हणाली, “सुंठीवाचून खोकला गेला.” मोठी आई तिच्याशी बोलायची बंद झाली. आमच्या घरात यासारखं सुख नाही.

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, मी शटर ओढायच्या बेतात असताना मुलाची आई दुकानात आली. एकटी. तापाच्या गोळ्या मागितल्या. दिल्या, तरी हलेनात. बाहेरचा माणूस जाईपर्यंत खोकल्याच्या बाटल्या वाचत उभ्या राहिल्या. हे असं वाचत उभं राहणं मी ओळखते.

“तुमच्या भाचीच्या त्या डॉक्टरीणबाई,” त्या म्हणाल्या. “मला त्यांच्याकडे जायचं होतं.”

“कुणासाठी?”

त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं, त्यांच्याच शरीराला चिकटलेल्या. गाठ होती. दिवाळीपासून. बारीकशी, दुखत नव्हती. घरी सांगितली नव्हती. “त्याचं लग्न एकदा होऊ दे, मग दाखवणार होते. आजारी सासूच्या घरात कोण मुलगी देतं?”

माझ्या तोंडात काय काय आलं ते इथे लिहिता येणार नाही. जिच्या नवऱ्यानं आमच्या पोरीला मंगळ लावला, ती बाई हाताखाली गाठ दाबून आमच्या कोचावर शेंगदाणे वेचत बसली होती. आमचं घर तिकडे झाकत होतं, त्यांचं इकडे झाकत होतं, आणि मध्ये लाडवांची ताटली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे दोन्ही घरांतल्या शहाण्यांना माहीत होतं, तरी दोन्हीकडे टोपली घेऊन माणसं उभी. “मुलाच्या लग्नात अक्षता टाकायला जिवंत राहायचंय ना तुम्हाला?” मी म्हटलं. “मग अक्कल आधी वापरा.” त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “ओरडा तुम्ही. घरी कुणाला सांगितलं असतं तर त्यांनीही ओरडायलाच हवं होतं.”

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. भाचीची तपासणी ठीक निघाली. तिला आता ठरावीक काळानं जायचंय आणि ती जाते. मुलाच्या आईची गाठ कॅन्सरचीच निघाली, पण लहान होती, काखेपर्यंत गेली नव्हती. ऑपरेशन झालं, बाई हिंडत्या-फिरत्या आहेत. त्यांच्या यजमानांनी बाहेर हर्निया सांगितलाय. हर्निया! निदान अवयव तरी जवळचा निवडायचा.

पण मला राहून राहून आठवतो तो सोमवार. आम्ही तिघी गेलो होतो, भाची, मी आणि त्या. ताईनं यायचं म्हटलं आणि आयत्या वेळी तिला हात उचलेना, म्हणून राहिली. बाहेरच्या टेबलाशी एक नर्स सगळ्यांना तेच ते प्रश्न विचारत होती. भाचीनं तिची उत्तरं दिली, सरळ, हॉटेलात ऑर्डर द्यावी तशी: आईला, आईच्या आत्याला. मग त्यांची पाळी आली.

“घराण्यात कुणाला?”

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “आमच्या घराण्यात तसलं काही...”

आणि थांबल्या. हे वाक्य त्यांनाही पाठ होतं. मी चकित झाले ते याचंच, की शब्दसुद्धा तेच होते. पुण्यातल्या घराघरांत पोरींना बहुधा परवच्याबरोबर हेही शिकवत असावेत. नर्स पेन धरून थांबली. मागच्या रांगेतला कुणीतरी चुळबुळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारी बसलेल्या, त्यांच्या घरानं नाकारलेल्या मुलीकडे पाहिलं.

“माझ्या आईला होता,” त्या म्हणाल्या. “आम्ही पोटाचं सांगायचो.”

नर्सनं मान वर न करता विचारलं, “वय काय होतं त्यांचं, गेल्या तेव्हा?”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि हात मांडीवर ठेवला.

“आत्ता माझं आहे तेवढंच,” त्या म्हणाल्या.